बांधावरची पाथरी आणि आपला न मोजलेला इतिहास



आज ज्या भाजीबद्दल बोलायचं आहे, ती तुमच्यातल्या फार कमी जणींनी विकत घेतली असेल. खुडली मात्र बहुतेकींनी असेल. तिचं नाव पाथरी. कुणी पातरी म्हणतं, कुणी पात्री. पाथरी म्हटल्यावर एखादीला परभणीकडचं गाव आठवेल. ते वेगळं. ही आपली बांधावरची, पाटाच्या कडेची, कांद्याच्या वाफ्यात आपोआप उगवणारी पाथरी.

मी इतिहास विषय घेऊन बी.ए. केलं. निजामशाही, चांदबीबी, नगरचा भुईकोट किल्ला, पेशवाई, सगळं अभ्यासाला होतं. १८७६ चा दुष्काळसुद्धा परीक्षेला होता. तो का पडला, सरकारनं काय केलं, हे आम्ही पानंच्या पानं लिहिलं. त्या दुष्काळात घरातल्या बाईनं चुलीवर काय शिजवलं, हा प्रश्न मात्र कधी आला नाही. पुढे बचत गटाच्या कामाला लागले, गावोगाव बैठकांना जाऊ लागले, आणि त्या प्रश्नाची उत्तरं वयस्क बायांच्या बोलण्यात सापडू लागली. बोलण्यात धरणं कमी आणि भाज्या जास्त असायच्या. त्यात पाथरीचं नाव पुन्हा पुन्हा यायचं. म्हणून आजचं बोलणं तिच्यावर.

आधी तिची ओळख करून घेऊ, कारण आपल्या गटातल्या विशीतल्या मुलींना ती दाखवल्याशिवाय कळत नाही. पाथरीची पानं जमिनीला चिकटून गोल पसरतात. पानाच्या कडा कातरल्यासारख्या असतात आणि त्यांना बारीक पांढरट दाते असतात. पान तोडलं की पांढरा चीक येतो. मधून बारीक दांडे निघतात आणि त्यांच्या टोकाला पिवळी फुलं येतात. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो खरं तर पुष्कळ बारीक फुलांचा झुबका असतो. सकाळी उमलतो, ऊन चढलं की मिटतो. नंतर त्याच्या जागी पांढऱ्या रेशमी केसांचं बी तयार होतं आणि वाऱ्यावर उडून जातं. मूळ जाड असतं, त्यामुळे वरून खुरपलं तरी ती पुन्हा फुटते. सूर्यफूल, करडई, झेंडू, शेवंती, माका ही सगळी तिच्याच कुळातली. करडईची कोवळी पानं आपण भाजीला खुडतोच. पाथरी ही करडईची न पेरता येणारी बहीण म्हणा.

खायची रीत साधी. कोवळी पानं दोन-तीन पाण्यानं धुवायची, बारीक चिरायची, त्यात कांदा, शेंगदाण्याचं कूट, मीठ, तिखट आणि वरून थोडं कच्चं तेल. हा झाला घोळाणा. ज्वारीच्या भाकरीबरोबर खायचा. पानं जरा जून झाली असली तर मुगाची डाळ घालून परतायची. चव किंचित कडसर असते. बाळंतिणीला दूध यावं म्हणून पाथरी देतात, दुभत्या गाई-म्हशीलाही टाकतात. चिकाच्या झाडानं दूध वाढतं, अशी त्यामागची जुनी समजूत आहे. समजूत म्हणूनच ती सांगते. बाळाला दूध पुरत नसेल तर आशाताईला आणि डॉक्टरांना विचारायचं, पाथरीवर विसंबायचं नाही. पण ज्या काळात बाळंतिणीच्या ताटात भाकरीपलीकडे फारसं काही नसायचं, त्या काळात या समजुतीमुळे एक हिरवी भाजी तरी तिच्यापर्यंत पोचायची.

आता इतिहासाकडे येऊ. पुस्तकी नावाच्या हिशोबानं पाथरीचं वय फार नाही. विल्यम रॉक्सबर्ग नावाचे इंग्रज कंपनीचे डॉक्टर होते. १७९३ पासून ते कलकत्त्याच्या वनस्पती बागेचे प्रमुख होते. भारतातल्या झाडाझुडपांची वर्णनं त्यांनी लिहून ठेवली. पाथरीच्या शास्त्रीय नावातला ‘प्रोकम्बेन्स’ हा शब्द त्यांनी दिलेला. त्याचा अर्थ भुईवर लोळणारी, सरपटणारी. पुढे तिचं कुळातलं नाव बदललं आणि १९६९ मध्ये आजचं नाव ठरलं, लॉनिया प्रोकम्बेन्स. ही झाली कागदावरची नोंद. पाथरी ही इथलीच वनस्पती आहे, बाहेरून आणलेली नाही. म्हणजे नाव कागदावर चढण्याच्या कितीतरी आधीपासून खुरपं हातात घेतलेली बाई तिला ओळखत होती. कुठलं पान खायचं, कुठलं टाकायचं, कोवळं कधी, कडू कधी, हे तिनं चाखून ठरवलेलं होतं आणि लेकीसुनांना दाखवून पुढे दिलेलं होतं.

आपल्या जिल्ह्यात या ज्ञानाची गरज जरा जास्तच होती. पश्चिमेला अकोल्याच्या डोंगरात, भंडारदऱ्याकडे पाऊस धो धो कोसळतो. तिथून पूर्वेला आणि दक्षिणेला उतरलं की पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डी ही सगळी पर्जन्यछायेतली गावं. इथं रब्बीची ज्वारी हाच आधार. ती हस्ताच्या पावसावर आणि जमिनीतल्या ओलीवर यायची. पाथरीचा भरही रब्बीतच. शेताच्या ओलसर कोपऱ्यात, विहिरीच्या धावेजवळ, मोटेचं पाणी जिथून वाहायचं त्या दंडाच्या कडेनं ती असायची. खुरपायला गेलेली बाई तण उपटता उपटता पाथरी वेगळी काढायची आणि ओच्यात टाकायची. संध्याकाळच्या कोरड्यासाची सोय झाली. या कामाची वेगळी मजुरी नव्हती, वेगळं नावही नव्हतं. म्हणूनच ते कुठल्या हिशोबात चढलं नाही.

हिशोबात काय चढलं, ते १८७६-७७ च्या दुष्काळात दिसतं. त्या वेळी दख्खनमध्ये पाऊस गेला, आपला जिल्हाही त्यात होरपळला. सरकारनं दुष्काळी कामं काढली. दौंड ते मनमाड हा आपल्या नगरवरून जाणारा लोहमार्ग त्याच काळातला. त्याच्या मातीकामावर दुष्काळी माणसं राबली आणि १८७८ मध्ये तो सुरू झाला. आज आपण त्या रेल्वेत बसतो तेव्हा आपल्या खापरपणज्यांच्या डोक्यावरच्या पाट्यांनी भरलेल्या भरावावरूनच जातो. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं कामावरच्या माणसाची मजुरी कमी केली. दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे आजच्या मापानं साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि वर एक आणा. दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाला एवढ्यावर भागेना. मुंबई इलाख्यात मजुरांनी या मजुरीविरुद्ध कामं सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेतली.

त्या एका पौंडाची नोंद कागदोपत्री आहे. त्यावर वाद झाले, पत्रं लिहिली गेली. पण साडेचारशे ग्रॅम धान्यात जी भूक भागायची नाही ती कशानं भागली? त्याचं उत्तर एका बाईनंच लिहून ठेवलं आहे. सावित्रीबाई फुले त्या वर्षी दुष्काळी कामासाठी जुन्नर भागात होत्या. ओतूर हे गाव आपल्या जिल्ह्याच्या हद्दीपासून फार लांब नाही. आणि नगर त्यांना नवं नव्हतं. त्यांनी नगरला फरार बाईंच्या संस्थेत शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, असं त्यांच्या चरित्रांत सांगतात. २० एप्रिल १८७७ ला ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी दुष्काळाची हकीगत कळवली. गुरं मरताहेत, लोक गावं सोडून चाललेत, आणि कित्येक माणसं निवडुंगाची बोंडं खाताहेत. सरकारी कागद धान्य मोजत होते तेव्हा उपाशी माणसं काय खातात, ते या बाईला दिसलं. रानातला कुठला पाला खाल्ला जायचा, हे पत्रात असायचं कारण नव्हतं. ते ज्यांना ठाऊक होतं त्यांना लिहिता येत नव्हतं.

पाल्यांची नावं पुढे लिहिली गेली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले. त्यानंतर जी. ए. गॅमी या वनस्पतीशास्त्रज्ञानं मुंबई इलाख्यात दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींवर एक टिपण प्रसिद्ध केलं, साल १९०२. असं काम महत्त्वाचं आहे, मी ते कमी लेखत नाही. पण अशी यादी झाडांची असते. ज्यांनी ती झाडं दाखवली, विषारी कुठलं आणि खायचं कुठलं हे सांगितलं, त्या माणसांची यादी कुणी करत नाही. आणि यादीच्या मथळ्यामुळे एक गैरसमजही होतो. जणू ही पानं माणसं दुष्काळातच खायची, नाइलाजानं. पाथरी ही काही नाइलाजाची भाजी नव्हती. सुकाळातही ती ताटात होती, आवडीनं होती. रोजच्या खाण्यात होती म्हणून तर अडचणीच्या वेळी ओळखीची निघाली. जी भाजी चांगल्या दिवसांत कुणी खात नाही, ती वाईट दिवसांत कुणाला ओळखू येणार?

१९७२ चा दुष्काळ आठवणाऱ्या आज्या आपल्या गटांत अजून आहेत. खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली, नालाबंडिंग केलं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, आणि त्यात बाया फार मोठ्या संख्येनं होत्या. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि पुढे २००५ मध्ये देशभराचा कायदा आला. त्या वर्षीच्या खाण्याचं विचारलं की आज्या मिलोचं नाव घेतात. परदेशातून आलेली ती लालसर ज्वारी. कामावर मिळणाऱ्या सुकडीचं नाव घेतात. आणि मग जरा थांबून भाजीचं सांगतात. कामावरून येताना विहिरीकडेला, ओढ्याच्या ओलीला जे हिरवं दिसेल ते आणायचं. पाथरीही काही जादूनं उगवत नाही, ओल आटली की तीही आटते. पण ओलीचा एवढासा तुकडा राहिला तरी तिचं जाड मूळ तग धरतं. त्या तुकड्याचा पत्ता बायकांना माहीत असायचा.

मग ही पाथरी कमी कशी झाली? गंमत अशी की पाणी आलं तेव्हा ती आधी वाढली. प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, कालवे निघाले, पाट वाहू लागले. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस पसरला. पाटाच्या कडा बारमाही ओल्या राहू लागल्या. पाथरीला याहून काय हवं? पण बागायत शेतीत तिचं नाव बदललं. कोरडवाहू रानात ती भाजी होती, बागायतीत ती तण झाली.

तणावर औषध आलं. टू-फोर-डी नावाचं तणनाशक तुम्ही ऐकलं असेल. ते १९४० च्या दशकात परदेशात निघालं. ते रुंद पानांची झाडं मारतं आणि गवताच्या कुळातली पिकं सोडतं. ऊस, ज्वारी, मका, गहू ही सगळी गवताच्या कुळातली, म्हणून ती वाचतात. पाथरी रुंद पानाची, म्हणून ती मरते. तिच्याबरोबर तांदुळजा, घोळ, चिघळ हेही जातात. याच काळात एक परकं तण आलं, तेही पाथरीच्याच कुळातलं. गाजर गवत. अमेरिका खंडातलं हे झाड १९५० च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं आणि बघता बघता रस्त्याच्या कडा, पडीक रानं, गावठाणं त्यानं व्यापली. लोकांनी त्याला काँग्रेस गवत म्हटलं. त्यानं अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रास होतो, जनावर त्याला तोंड लावत नाही. जिथं खायचं पिवळं फूल होतं तिथं हे पांढरं फूल उभं राहिलं.

तणनाशकाबद्दल मला एकतर्फी बोलायचं नाही. खुरपणीनं कंबर धरते, पाठ जाते, भर उन्हात ओणवं बसून दिवस काढावा लागतो, हे मला सांगायला नको. फवारणीनं ते काम हलकं झालं. पण त्याबरोबर दोन गोष्टी गेल्या. खुरपणीचे मजुरीचे दिवस कमी झाले, आणि ती मजुरी बायकांची होती. आणि ओच्यातून घरी येणारी फुकटची भाजी गेली. मजुरी गेल्याचं निदान आपण बोलतो. भाजी गेल्याचं कुणी बोलत नाही, कारण तिला भाव नव्हता.

भाव नव्हता, पण किंमत होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे आपल्या दहा जणींच्या गटात पाच-सहा जणी. एकट्या पाथरीनं रक्त भरून येतं असं मी म्हणणार नाही. लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच. पण रोजच्या ताटातून हिरव्या पाल्याचे प्रकार एकेक करून कमी होत गेले आणि आठवड्याच्या बाजारातली दहा रुपयांची मेथीची जुडी परवडली तरच भाजी, अशी वेळ आली. या बदलाचा आपल्या तब्येतीशी काहीच संबंध नाही, असं कसं म्हणायचं?

आता नवा जमाना रानभाज्यांचं कौतुक करतो आहे. कृषी विभाग पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवतो, आपले गट तिथं स्टॉल लावतात. चांगलं आहे. पण पावसाळी महोत्सवात मान कुर्डूला, कवळ्याला, भारंगीला मिळतो. पाथरी थंडीतली, आणि डोंगरातली नसून शेतातली, म्हणून ती तिथंही मागं राहते. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं उदाहरण आपल्यापुढे आहे. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावठी वाणांचं बी घरात जपलं, बायांना जोडलं, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी त्यांच्या आधीही आपल्या आज्यांच्या गाडग्या-मडक्यांत होतं. राहीबाईंनी ते वेगवेगळं ओळखून, नावानिशी लोकांपुढे मांडलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या आज ऐकायला मिळतात. जातं थांबलं तरी ओवी उरली. खुरपं थांबतं आहे. त्याच्याबरोबरचं ज्ञान उरेल का, हे आपल्या हातात आहे.

म्हणून गटांपुढे चार कामं ठेवते. पहिलं, येत्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यांचं झालं की अर्धा तास काढा आणि गटातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारा, तुमच्या काळी खुरपताना काय काय ओच्यात यायचं? जी नावं निघतील ती वहीत लिहा. कुठं उगवायचं, कधी, कशी करायची, आणि सांगणारीचं नावही लिहा. दुसरं, २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीला जैवविविधता समिती असते आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. आपल्या वहीतली नावं त्या नोंदवहीत गेली पाहिजेत. ग्रामसभेत विचारा, नोंदवही कुठं आहे आणि त्यात काय लिहिलंय. तिसरं, परसात सांडपाण्याजवळ नको, पण स्वच्छ पाण्याच्या ओलीला हातभर जागा सोडा. पाथरीचं पिकलेलं बी किंवा मुळासकट एखादं रोप तिथं लावा. एकदा रुजली की ती स्वतःच सांभाळते. चौथं फार महत्त्वाचं. फवारणी झालेल्या रानातली, रस्त्याकडेची, गटाराजवळची पाथरी खाऊ नका. आणि पाथरीसारखी दिसणारी दुसरी झाडंही आहेत. जाणत्या बाईनं ओळखून दिल्याशिवाय नवख्या मुलीनं खुडू नये.

वहीसाठी पैसा लागत नाही, बँकेची मंजुरी लागत नाही. लागतात त्या सांगणाऱ्या आज्या, आणि त्या दर वर्षी एकेक करून कमी होताहेत. १८७७ मध्ये पाल्याचं नाव ठाऊक असणारीला लिहिता येत नव्हतं. आज आपल्या प्रत्येक गटात लिहिता येणारी सचिव आहे आणि नाव ठाऊक असणारी आजीही आहे. दोघी एका सतरंजीवर बसतात. यंदाच्या थंडीत पाथरी फुलेल तेव्हा तुमच्या वहीत किती नावं झाली, ते मला नक्की कळवा.